दर्याबहादूरगडाला उदगीरचा मुजरा

समुद्रातला किल्ला बघायला म्हणून उदगीरहून मुद्दाम कुणी गेलं असेल, तर ते आम्ही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं जे घडलं ते वाचताना तुमच्या मनात आमच्याबद्दल आदर टिकून राहील.

आमचं गडप्रेमी मंडळ आहे. रविवारी सकाळी आम्ही उदगीरच्या किल्ल्यात जातो, तटावरचं गवत उपटतो, लोकांनी टाकलेल्या बाटल्या गोळा करतो आणि मग बुरुजावर बसून चहा पितो. ज्या गावाजवळ १७६० साली मराठ्यांनी निजामाची जिरवली, त्या गावच्या माणसाला थोडा ताठा असायचाच. माझ्यात तो जरा जास्त आहे, असं माझी बायको सिंधु म्हणते. तिचं माहेर कंधारचं. कंधारलाही किल्ला आहे, त्यामुळं आमच्या घरात भांडण पेटलं की दोन्हीकडून तोफा धडाडतात.

मंडळाचा मेंदू म्हणजे चन्नबसप्पा. धंदा कापडाचा, पण डोक्यात सगळा इतिहास. त्यानंच एकदा चहा पिता पिता सांगितलं की कर्नाटकात मलपे नावाचं बंदर आहे, तिथं समुद्रात छोट्या छोट्या बेटांचा पुंजका आहे आणि त्यातल्या एका बेटावर दर्याबहादूरगड नावाचा किल्ला होता. बिदनूरच्या बसप्पा नायकानं तो बांधला असं म्हणतात. बिदनूरचे राजे लिंगायत, आमचा चन्नबसप्पाही लिंगायत, त्यात राजाच्या नावात बसप्पा. भावकीतल्या शेताची हकिगत सांगावी तसा तो सांगत होता.

"लोक तिथं जातेत, नारळाच्या बेटावर फोटू काढतेत अन् परत येतेत," तो म्हणाला. "गडाकडं कुणी ढुंकून बघत न्हाई. आपण जाऊन मुजरा करायचा."

सगळ्यांचे हात वर गेले. गाडी ठरली, दिवस ठरला. आणि निघायच्या आदल्या रविवारी चन्नबसप्पा आमच्याच किल्ल्याच्या पायरीवरून घसरला. पाय प्लास्टरमध्ये गेला.

मंडळ त्याच्या घरी जमलं. खाटेवर पाय उशीवर ठेवून तो पडला होता. इतिहासाची सोय झाली, कारण त्यानं सगळी माहिती आवाजात भरून माझ्या मोबाइलवर पाठवायचं कबूल केलं. प्रश्न भाषेचा होता. आमच्यात कन्नड येणारा तो एकटाच.

"तिकडं बोलायचं कोणी?" दगडोबा काकांनी विचारलं. काका एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, मंडळाचे अध्यक्ष.

"त्याची काळजी सोडा," मी म्हणालो. "मी हाय न."

माझं काम डाळमिलसाठी तूर खरेदी करायचं. उदगीरच्या मोंढ्यात बिदर, भालकी, औरादकडचा माल येतो, त्यामुळं कानावर सारखी कन्नड पडते. सौद्यात कुणी 'हत्तु' म्हणालं की दहा, 'एळु' म्हणालं की सात, 'ऐदु' म्हणालं की पाच. झोपेतून उठवून विचारा. शिवाय 'इल्लि' म्हणजे इथं, 'अल्लि' म्हणजे तिथं, आणि 'गोत्तु' म्हणजे माहीत आहे. एवढ्यावर मी आजवर हजारो पोती घेतली आहेत.

चन्नबसप्पा खाटेवरून माझ्याकडं बघत राहिला. "रामलिंग, तुला आकडे येतेत," तो म्हणाला.

"भाषेत आणखी काय असतंय?" मी विचारलं. त्याला उत्तर सुचलं नाही, असं मला वाटलं. तो दमला होता, हे आता लक्षात येतंय.

टेम्पो ट्रॅव्हलर भरून आम्ही निघालो. बरोबर माझ्या सासूबाई होत्या, धुरपताबाई. आम्ही त्यांना मामी म्हणतो. मामींनी कधी समुद्र बघितला नव्हता, म्हणून सिंधुनं त्यांना कंधारहून आणलं होतं. दगडोबा काका ड्रायव्हरशेजारी बसले आणि मलपे येईपर्यंत आपल्या पायाखाली नसलेला ब्रेक दाबत राहिले. मागं मी चन्नबसप्पाचा आवाज मोठ्यानं लावून सगळ्यांना इतिहास ऐकवत होतो. वास्को द गामा १४९८ साली या बेटांवर उतरला होता अशी आख्यायिका आहे. बसरूर बंदर तिथून फार लांब नाही आणि तिथल्या मोहिमेला शिवाजी महाराज स्वतः जहाजातून गेले होते. हे ऐकून गाडीतल्या माणसांच्या पाठी आपोआप सरळ झाल्या.

मलपेला पोचलो. समोर समुद्र. मामींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"कसा वाटला, मामी?" मी विचारलं. समुद्र जणू मीच दाखवायला काढला होता.

"एवढं पाणी," मामी म्हणाल्या, "अन् पिकाला एक थेंब न्हाई."

बोटीत बसलो. निळ्या रंगाची मोठी बोट होती. तिचा माणूस सगळ्यांसमोर उभा राहिला आणि हिंदीत म्हणाला, "सब लोग सुनो, टाइम का बताता हूँ."

आता मला सांगा, मी बरोबर असताना आमच्या मंडळानं हिंदीत का ऐकायचं? मी हात वर केला. "कन्नड गोत्तु," मी म्हणालो.

त्या माणसाचा चेहरा उजळला. बिचाऱ्याला दिवसभर हिंदी बोलून कंटाळा आला असावा. त्यानं धबधब्यासारखी कन्नड सुरू केली. इंजिन धडधडत होतं, वारा सुटला होता. मी मान डोलावत होतो. शेवटी त्यानं पंजा दाखवून 'ऐदु, ऐदु' असं दोनदा बजावलं. मी पण पंजा दाखवला. तो खूश होऊन इंजिनाकडं गेला.

"काय म्हणला?" काकांनी विचारलं.

"बेटं पाच हायत म्हणला."

"चन्नबसप्पा तर चार म्हणला हुता."

"तो लांबून सांगून राहिला, काका. हा इथला हाय."

काकांना ते पटलं. पुढचा सगळा प्रवास ते पाचवं बेट शोधत होते. पाण्यातून एखादा खडक वर आला की माझ्याकडं बघायचे. मी बारीक मान हलवायचो, ते नाही म्हणून.

नारळाच्या बेटावर उतरलो आणि खरं सांगतो, इतिहास सोडून मी दगडच बघत सुटलो. मोंढ्यात पोती उभी लावावीत तसे दगडाचे खांब एकाला एक चिकटून उभे होते. एकेकाला पाच-सहा बाजू, अगदी करवतीनं कापल्यासारख्या. कोट्यवधी वर्षांपूर्वी तप्त लाव्हा थंड होताना त्याला अशा चिरा पडल्या. तेव्हा मादागास्कर आपल्या देशापासून तुटून निघालं होतं म्हणे. आपल्या उदगीरचा काळा दगडही लाव्ह्याचाच, पण हा त्याच्याहूनही जुना. हे सगळं मला चन्नबसप्पाच्या आवाजात ऐकून पाठ झालं होतं. मी ते माझ्या आवाजात सांगितलं. शेजारी सोलापूरचं एक कुटुंब उभं होतं, तेही ऐकायला थांबलं. त्यांच्यातले चष्मेवाले गृहस्थ म्हणाले, "आपण प्राध्यापक का?"

"न्हाई, तुरीत आहे," मी म्हणालो. त्यांना ते विनयानं बोलल्यासारखं वाटलं असावं.

गडाचं बेट वेगळं. तिथं आमची बोट जात नव्हती. ते कुठून तरी दिसेल म्हणून आम्ही नारळाची झाडं ओलांडून बेटाच्या पलीकडच्या बाजूला गेलो. सोलापूरकर मागं आले. त्यांच्या मागं इंदूरकडची काही मंडळी आली. बेटावरचा रखवालदार शिट्ट्या वाजवत होता, पण तो खडकावर चढणाऱ्या पोरांना वाजवत असेल असं आम्हाला वाटलं.

थोड्या वेळानं, बोटी लागतात त्या उतरणीच्या बाजूनं भोंग्यातून आवाज आला. "बोट हत्तु, बोट हत्तु. लास्ट बोट, हत्तु, हत्तु."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"शेवटची बोट दहाला," मी सांगितलं.

"रात्री दहाला?" सिंधुच्या कपाळाला आठी पडली.

"पर्यटनाचं ठिकाण हाय, सिंधु. आपल्याकडल्यासारखं साडेसातला सामसूम न्हाई इथं."

सोलापूरच्या गृहस्थांनी ते इंदूरच्या लोकांना हिंदीत सांगितलं. सगळे निवांत झाले. मामींनी पिशवी सोडून दशम्या काढल्या, शेंगदाण्याची चटणी काढली. सोलापूरकरांकडं कडक भाकरी होत्या. इंदूरकरांनी शेव काढली. समुद्राच्या काठावर तीन गावांची पंगत बसली. ज्यांना कन्नड येत होतं ते सगळे लोक तोपर्यंत उतरणीकडं निघून गेले होते. आम्हाला वाटलं, त्यांना इतिहासात रस नाही.

"पण दहापर्यंत करायचं काय?" इंदूरच्या एका बाईंनी विचारलं.

"असंल काहीतरी कार्यक्रम," काका म्हणाले. "किल्ल्यावर ते दिवे लावून गोष्ट सांगतेत, तसलं काहीतरी."

काका नुसता अंदाज बांधत होते. पण तो अंदाज पंगतीच्या दुसऱ्या टोकाला पोचला तेव्हा 'आज इथं लाइट शो आहे' असा झाला होता, आणि फिरून माझ्याकडं आला तेव्हा मीही तो नवीन बातमी म्हणून ऐकला.

तेवढ्यात तो रखवालदार धापा टाकत आला. खाकी शर्ट, गळ्यात शिट्टी. पंगत बघून त्यानं कपाळाला हात लावला. "अरे भाई, उठो—" तो हिंदीत सुरू झाला.

मी त्याला थांबवलं. "कन्नड गोत्तु."

तो थबकला आणि मग कन्नडमध्ये म्हणाला, "एळु, एळु. बोट हत्तु."

मी मंडळाकडं वळलो. "सातला कार्यक्रम, दहाला बोट."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला समजलं आहे हे रखवालदाराला कळावं म्हणून मी दोन्ही हातांची सगळी बोटं त्याला दाखवली आणि "हत्तु, हत्तु" म्हणालो. त्यानं घड्याळ बघितलं, नाइलाजानं मान हलवली आणि पळत परत गेला. मी दहा मिनिटं मागतोय असा त्याचा समज झाला, हे नंतर कळलं. त्यानं शेवटची बोट दहा मिनिटं धरून ठेवली. बोटीत दोनशे माणसं ओरडत होती म्हणे. मग बोट गेली.

इकडं सातला वेळ होता, म्हणून लोकांनी मला इतिहास सांगायचा आग्रह केला. मी उभा राहिलो. मागं दगडी खांब, समोर चाळीसेक माणसं, बाजूला समुद्र. असा योग मोंढ्यात येत नाही. मी बसप्पा नायकापासून सुरुवात केली. समुद्रात किल्ला बांधायचा म्हणजे काय छाती लागते, ते सांगितलं. महाराजांच्या बसरूरच्या मोहिमेवर आलो तेव्हा इंदूरची पोरं पुढं सरकून बसली. मग माझी गाडी उदगीरवर आली आणि तिथून हललीच नाही. निजामाचं सैन्य, त्याच्या तोफा, मराठ्यांचे घोडे, सगळं त्या वाळूवर हातवारे करून मांडलं. शेवटी सोलापूरचे गृहस्थ उठले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "एवढा मोठा इतिहास आमच्यापासून इतक्या जवळ, आणि आम्हाला ठाऊक नाही." दगडोबा काकांचे डोळे भरून आले होते. मामीसुद्धा चटणीचा डबा हातात धरून ऐकत होत्या. कंधारच्या माणसानं उदगीरचा इतिहास शेवटपर्यंत ऐकला, हे आमच्या घराण्यात पहिल्यांदाच घडत होतं.

माझी छाती अशी फुगलेली असताना सिंधु म्हणाली, "अहो, ती निळी बोट कुठं गेली?"

आम्ही नारळाच्या झाडांमधून पलीकडं बघितलं. निळी बोट नव्हती. पिवळी नव्हती. एकही नव्हती. उतरणीपाशी तो रखवालदार आणि त्याचा एक साहेब असे दोघंच उभे होते. मघाशी ज्या खडकावरून आम्ही चालत आलो होतो, त्यावरून आता पाणी खळखळत होतं. सूर्य बराच खाली आला होता. इंदूरच्या बाईंनी पोरांना जवळ ओढलं. सोलापूरच्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला, पण बोट काही दिसली नाही.

आम्ही लातूर जिल्ह्याची माणसं. नळाला पाणी आठ-आठ दिवस आलं नाही तर आम्ही घाबरत नाही. पण पाणी चारी बाजूंनी आणि तेही वाढत चाललेलं, याची आम्हाला सवय नाही. ही एवढी माणसं माझ्या शब्दावर बसली होती. काकांच्या साखरेच्या गोळ्या गाडीत होत्या. मामींनी डबा पिशवीत घातला, पिशवी पोटाशी धरली आणि मला विचारलं, "जावईबापू, दिवे कुठं लागणार हायत?"

मी पिशवी घ्यायला हात पुढं केला, त्यांनी ती आणखी घट्ट धरली.

साहेब आमच्याजवळ आला. रागानं लाल झाला होता. आम्हा सगळ्यांवर नजर फिरवून त्यानं विचारलं, "यारु? यारु हेळिद्दु?"

चाळीस माणसं माझ्याकडं बघत होती. 'आरु' म्हणजे सहा. मोंढ्यात रोज ऐकतो. "सहा म्हणून राहिला," मी हळूच म्हणालो.

"अहो, दहाचे सात झाले, साताचे सहा झाले," सिंधु म्हणाली. "तूर घेऊन राहिलात का तुम्ही? चन्नबसप्पा भाऊजींना फोन लावा."

फोनला रेंज होती, एवढं एक नशीब. मी स्पीकर लावला. चन्नबसप्पानं विचारलं, "मुजरा झाला का?"

"मुजऱ्याचं नंतर बघू. बोट हत्तु म्हंजी काय?"

"बोट हत्तु?" तो म्हणाला. "म्हंजी बोटीत चढ. का रे?"

चाळीस माणसं फोनभोवती गोळा झाली.

"हत्तु म्हंजी दहा न?" मी विचारलं.

"दहा बी होतंय, चढ बी होतंय."

"अन् एळु?"

"सात. अन् ऊठ म्हणायचं असलं तरी एळु."

"अन् आरु?"

"आरु म्हणला का यारु म्हणला?"

मी साहेबाकडं बघितलं. साहेबानं परत विचारलं, "यारु?"

"यारु म्हंजी कोण," चन्नबसप्पा म्हणाला. "कोणी सांगितलं म्हणून विचारून राहिला तो. कुठं हायस तू, रामलिंग?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, पाच बेटांसकट. पाच म्हणजे परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ होती, हे काकांना तिथं कळलं. आयुष्यभर एसटी वेळेवर सोडलेल्या त्या माणसानं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती मी अजून विसरलो नाही. पाचवं बेट नाही याचं त्यांना जास्त वाईट वाटलं की बोट चुकल्याचं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

चन्नबसप्पानं फोन साहेबाकडं द्यायला सांगितलं. साहेब आधी तावातावानं बोलत होता. हळूहळू त्याचा आवाज उतरला. मग तो हसला. रखवालदाराला बोलावून त्यालाही ऐकवलं. तोही हसला. मधेमधे 'उदगीर' आणि 'रामलिंग' एवढंच मला कळत होतं. शेवटी साहेबानं फोन परत दिला, मला चक्क हात जोडले आणि बिनतारी यंत्रावर कुणाशी तरी बोलायला लागला.

"काय सांगितलास त्याला?" मी चन्नबसप्पाला विचारलं.

"खरं तेच. बसप्पा नायकाच्या गडाला मुजरा करायला उदगीरहून माणसं आलीत म्हणलं. त्यांच्याच राज्यातली माणसं फिरकत न्हाईत, अन् तुम्ही एवढ्या लांबून आलाव. तो म्हणला, मासे धरून परत येणारी एक बोट वळवतो. ती गडाच्या जवळून जाईल."

मी हे सगळ्यांना सांगितलं. जी माणसं मघाशी मला समुद्रात ढकलायच्या विचारात होती, ती एकमेकांकडं बघून हसायला लागली. ज्या गडाकडं कुणाचीच बोट जात नव्हती, तो आम्हाला दिसणार होता. आणि तो माझ्यामुळं दिसणार होता. मी तसं म्हणून दाखवणार होतो, पण सिंधु म्हणाली, "आता किनारा येईपर्यंत तोंड उघडायचं न्हाई." मी मिटलं.

मासेमारीची बोट आली. चाळीस माणसं, दशम्यांच्या पिशव्या आणि मधे मासळीच्या टोपल्या. मामी माळकरी. त्यांनी नाकाला पदर लावला आणि बोटीच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. बोट हलायला लागली तसा त्यांचा चेहरा उतरला, आणि पुढं त्या बाकीच्या जगाकडं पाठ करून कडेवरून वाकूनच राहिल्या. सोलापूरच्या गृहस्थांनी त्यांना लिंबू दिलं. स्वभावानं माणूस फार चांगला. फक्त अधूनमधून मला हळूच विचारत होता, "म्हणजे लाइट शो नाहीच का?"

उन्हाचा रंग बदलला होता. पाण्यावर सगळीकडं सोनं पसरल्यासारखं दिसत होतं. आणि तेवढ्यात बंदराच्या बाजूला मला एक भिंत दिसली. काळी, जुनी, शेवाळलेली, पाण्यातून सरळ वर आलेली. सिंधुला दिलेला शब्द मी मोडला. बोटीवाल्याच्या खांद्याला हात लावून भिंतीकडं बोट दाखवलं आणि विचारलं, "कोटे?" कोटे म्हणजे किल्ला. चन्नबसप्पाच्या तोंडून हा शब्द मी शंभरदा ऐकला होता, यात चूक व्हायला जागाच नव्हती.

"अल्ल, अल्ल," बोटीवाला म्हणाला आणि दुसरीकडं हात उडवला. तिकडं बगळ्यांसारखे पांढरे पक्षी घिरट्या घालत होते, त्यांना तो हाकलतोय हे दिसतच होतं.

"अल्लि म्हणला," मी ओरडलो. "तिथं म्हणला. काका, हाच गड."

दगडोबा काका उठले. हलत्या बोटीत पाय रोवून उभे राहिले, जसे चालत्या एसटीत उभे राहायचे. टोपी सारखी केली. मंडळ त्यांच्यामागं एका ओळीत उभं राहिलं. सोलापूरकर उभे राहिले, इंदूरकर उभे राहिले. काकांनी कमरेत वाकून मुजरा घातला आणि आमच्या सगळ्यांच्या माना एकदम खाली गेल्या. हर हर महादेवचा असा गजर झाला की बोटीवाल्यानं इंजिनाचा वेग कमी केला. तो काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता, पण गजरात ते कुणाला ऐकू जाणार? सिंधु आमच्यासमोर, भिंतीच्या बाजूला उभी राहून मोबाइलमध्ये सगळं टिपत होती. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. मी आयुष्यात पुष्कळदा फुशारकी मारली असेल, पण त्या क्षणी मला जे वाटलं ती फुशारकी नव्हती. कुठलं उदगीर, कुठला हा समुद्र. बसप्पा नायकाच्या गडाला आज कुणीतरी विचारलं, आणि ते आम्ही होतो.

किनाऱ्यावर सोलापूरच्या गृहस्थांनी मला मिठी मारली. इंदूरच्या लोकांनी उरलेली शेव दिली.

परत आल्यावर मंडळ चन्नबसप्पाच्या घरी जमलं. मामी अजून कंधारला गेल्या नव्हत्या, त्याही आल्या. त्याचा पाय स्टुलावर होता. भिंतीवरच्या टीव्हीला मोबाइल जोडून आम्ही मुजरा लावला. त्यानं एकदा बघितला. मग म्हणाला, "परत लाव." परत लावला. तो पुढं वाकून कान देऊन ऐकत होता.

"रामलिंग," तो शेवटी म्हणाला, "अल्लि म्हंजी तिथं."

"मंग तेच तर."

"हा अल्ल म्हणून राहिला. अल्ल म्हंजी न्हाई. हे न्हाई, हे न्हाई, म्हणून तो बिचारा बोंबलून राहिला. ती बंदराचीच कसली तरी भिंत असंल."

दगडोबा काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मंग गड कुठाय?" त्यांनी विचारलं.

चन्नबसप्पा काठी टेकत उठला, लंगडत टीव्हीपाशी गेला. पडद्यावर आमची वाकलेली ओळ होती. त्यानं आमच्या डोक्यांच्या वर बोट ठेवलं. आमच्या मागं, अगदी जवळ, एक हिरवं बेट सरकत होतं. त्याच्या झाडीत पडक्या तटाचे काळे दगड उन्हात चमकत होते. सगळं मंडळ, सोलापूरकर आणि इंदूरकर धरून, त्या गडाकडं पाठ करून वाकलं होतं.

एक व्यक्ती सोडून. पडद्याच्या कोपऱ्यात, बोटीच्या पलीकडच्या कडेला, मामी गडाकडं तोंड करून उभ्या होत्या.

"म्हंजी आपल्यातल्या एकीनं तरी बघितला," काका गहिवरून म्हणाले. "धुरपताबाई, कसा हुता गड?"

"मला काय ठाऊक?" मामी म्हणाल्या. "उलट्या करताना म्या डोळे मिटून घेते."

त्या मुजऱ्याचा मोठा फोटो आता मंडळाच्या खोलीत लावला आहे. खाली सोनेरी अक्षरांत 'दर्याबहादूरगडाला उदगीरचा मुजरा' असं लिहिलं आहे आणि येणारे-जाणारे थांबून कौतुक करतात. तोंडं कुणीकडं होती, ते कुणी विचारत नाही. आम्हीही सांगत नाही.